गाळणीतून आत्या

माझी आत्या सांगलीत राहते आणि माझ्या फोनमध्येही राहते. सांगलीतली आत्या वर्षातून दोनदा भेटते. फोनमधली रोज येते, अकरा-बारा मिनिटांच्या तुकड्यांनी, आणि नेमकी मी मीटिंगमध्ये असताना.

मी पोटापाण्यासाठी प्रॉडक्ट मॅनेजर आहे. म्हणजे काय, हे आत्याला समजावायचा मी एकदा प्रयत्न केला होता.

"म्हणजे तू अ‍ॅप बनवतोस?"

"नाही, ते डेव्हलपर बनवतात."

"मग ते दिसावं कसं, ते ठरवतोस?"

"नाही, ते डिझायनर."

"विकतोस?"

"नाही."

आत्या जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "असू दे. पगार वेळेवर होतो ना?"

कंपनी बाणेरला आहे. नाव सांगत नाही, कारण नोकरी अजून आहे. आमचंही एक मेसेजिंग अ‍ॅप आहे. जगाकडे व्हॉट्सअ‍ॅप असताना आपण आणखी एक का काढलं, हा प्रश्न आमच्याकडे फक्त नवीन लागलेली मुलं विचारतात आणि पहिलं अप्रेझल झालं की तीही थांबतात. या अ‍ॅपमधलं व्हॉइस मेसेजचं खातं माझ्याकडे आहे. नातेवाइकांच्या फोनमध्ये अ‍ॅप घालायची सक्ती आम्हा सगळ्यांवर झाली, तेव्हा आत्या आमची ग्राहक झाली. बाकीच्या नातेवाइकांनी आठवड्याभरात अ‍ॅप काढून टाकलं. आत्या राहिली, कारण काढायचं कसं ते मी तिला शिकवलं नव्हतं.

व्हॉइस मेसेज ही काही आमची अक्कल नव्हे. व्हॉट्सअ‍ॅपनं ते २०१३ च्या ऑगस्टमध्ये आणले. तेव्हा बोलणं संपेपर्यंत माइकचं बटण दाबून धरावं लागायचं. अंगठ्याला कळ लागली की माणूस आपोआप आवरतं घ्यायचा. मग बटण वर सरकवून कुलूप लावायची सोय आली, अंगठे मोकळे झाले आणि आत्याही. २०२१ मध्ये तेच बोलणं दीडपट आणि दुप्पट वेगानं ऐकायची सोय करावी लागली, यावरून काय ते समजावं. दिवसाला सरासरी ७०० कोटी व्हॉइस मेसेज जातात, असं २०२२ मध्ये त्या कंपनीनं सांगितलं होतं. त्यातले निदान चार आत्याचे असणार. चीनच्या वीचॅटनं एका मेसेजला ६० सेकंदांची मर्यादा घातली आहे. ६० सेकंदांत आत्याचं "हॅलो, येतोय का रे आवाज" एवढं उरकतं.

एक मेसेज नमुन्यादाखल सांगतो. लांबी ११ मिनिटं ४२ सेकंद. सुरुवातीला नळ. मग, "हं, सुरू झालं वाटतं." मग कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे त्याची बातमी. (सांगलीत ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या पुरात ५७ फुटांवर गेलेलं पाणी आत्यानं पाहिलंय, त्यामुळे हे आकडे ती गमतीत सांगत नाही.) मग "बायको बरी आहे ना?" आणि चार सेकंद काहीच नाही. मग "हं, बरं." कुकरच्या दोन शिट्ट्या. भाजीवाल्याशी मेथीवरून तंटा, पूर्ण, निकालासकट. शेजारच्यांच्या मोलकरणीनं काम का सोडलं. आणि शेवटी, "बाकी काही नाही. ज्याच्यासाठी फोन हातात घेतला ते राहिलंच बघ. असू दे, उद्या सांगते."

असल्या मेसेजांवर इलाज काढायचा म्हणून आमच्या टीमनं एक सोय काढली. कागदोपत्री तिचं नाव 'स्मार्ट लिसन'. आपसात आम्ही तिला गाळणी म्हणायचो. मेसेजमध्ये अर्ध्या सेकंदाहून जास्त शांतता आली की ती कापायची आणि बोलण्याचे तुकडे एकमेकांना चिकटवायचे. शांतता म्हणजे काय, तर ठरावीक पातळीखालचा आवाज. ती पातळी एका सोमवारी दुपारी, जेवणानंतर, तीन जणांनी ठरवली. त्यांतला एक मी.

हे सगळं आम्ही ग्राहकाला केंद्रस्थानी ठेवून केलं, बरं का. भिंतीवर आमची 'पर्सोना', म्हणजे नमुन्याची काल्पनिक ग्राहक, चिकटवलेली होती: वय ६२, छोटं शहर, तंत्रज्ञानाची भीती. सोबत इंटरनेटवरून घेतलेला एका बाईचा फोटो, लॅपटॉपकडे बघून हसणारी. बासष्ट वर्षांची कुठलीही बाई लॅपटॉपकडे बघून हसलेली मी अजून पाहिलेली नाही. पाच लोकांवर चाचणी घेतली तरी बहुतेक चुका सापडतात, असं वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात यातले जाणकार जेकब निल्सन यांनी २००० मध्ये लिहून ठेवलंय. आम्ही मोजून पाच माणसं घेतली. पाचही बाणेरची. दोन कॅन्टीनच्या रांगेत पकडलेली. पाचही जण म्हणाले, मस्त आहे.

गाळणी सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात आत्याचा मेसेज आला. नऊ मिनिटांचा, गाळून साडेपाच. मला काय आनंद झाला! आतेबहिणीला स्थळ सांगून आलं होतं, मुलाकडचे घरी यायचे होते. आत्या म्हणत होती, "ते मंगळवारी येतो म्हणालेत तर तू सकाळीच ये, घरात पुरुषमाणूस म्हणून तूच आहेस." एका दमात, स्वच्छ. मी मंगळवारची रजा टाकली. पहाटे साडेपाचला स्वारगेटहून एसटी धरली, मांडीवर बाकरवडीचा पुडा, अंगात इस्त्रीचा शर्ट. कराडपर्यंत शर्ट सांभाळला. पुढे खिडकीची काच बंद होईना आणि पावसानं त्याचं काय करायचं ते केलं.

दार आत्यानंच उघडलं. अंगात गाऊन, डोक्याला तेल थापलेलं.

"अगं बाई! आज कसा काय तू?"

"पाहुणे यायचेत ना?"

"ते उद्या. बुधवारी. तुला सांगितलं की मी!"

मी चपला न काढता दारातच मूळ मेसेज लावला, न गाळलेला. आत्याचा आवाज आला: "ते मंगळवारी येतो म्हणालेत." मग स्टूल सरकवल्याचा आवाज. मग लांबून, कालनिर्णयकडे तोंड करून, पुटपुटल्यासारखं: "मंगळवारी नको पण... थांब हं... बुधवार चांगलाय, बुधवारीच या म्हणते त्यांना." मग परत फोनजवळ, खणखणीत: "तर तू सकाळीच ये."

बुधवार आमच्या पातळीखाली होता.

तर अख्खा मंगळवार हाताशी होता आणि ग्राहक समोर होता. ऑफिसात याला 'फील्ड व्हिजिट' म्हणतात आणि तिचा टीए मिळतो. मी वही काढली. या मुलाखतींचे नियम असतात: उत्तर सुचवेल असा प्रश्न विचारायचा नाही, मत विचारायचं नाही, मागच्या वेळी काय केलंत ते करून दाखवायला सांगायचं आणि आपण गप्प बसायचं. मी गप्प बसलो.

"असा काय बघतोस? पोहे टाकू का?"

पोहे झाल्यावर म्हटलं, "आत्या, तू मला मेसेज कसा पाठवतेस ते दाखव."

तिनं फोन तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला. परातीत कणीक घेतली, पाणी घातलं, आणि मग लक्षात आल्यासारखं करून पिठाच्या हाताची करंगळी तेवढी वाकवून तिच्या पेरानं माइकचं बटण वर ढकललं. पहिल्यांदा लागलं नाही. दुसऱ्यांदा कॅमेरा उघडला. तिसऱ्यांदा लागलं. काचेवर पिठाचे तीन ठिपके. आमच्या डिझायनरनं ते बटण नाजूक दिसावं म्हणून बारीक केलं होतं. अँड्रॉइडवाले सांगतात की बोटानं दाबायची जागा निदान ९ मिलिमीटरची ठेवा. आमच्या डिझायनरचं म्हणणं, ते सौंदर्याच्या आड येतं.

मग आत्या बोलायला लागली. मी तिथेच, हातभर अंतरावर ओट्याला टेकून उभा, आणि ती माझ्याशीच बोलत होती, पण डब्याकडे बघून. "काय रे, पाऊस आहे का तिकडे?" कणीक दोनदा वळली, मान हलवली. "हं. मग छत्री नेत जा." पुन्हा थांबली. पुन्हा मान हलवली. "ते सगळं खरं, पण सर्दी कोणाला होते, मला की तुला?"

"आत्या, मध्येमध्ये थांबतेस का गं?"

"तू बोलतोस ना तेव्हा."

"पण मी तिथं नसतो!"

"तू काय म्हणणार ते मला माहीत नाही का?"

वहीत काय लिहावं ते मला सुचेना. टोयोटाच्या कारखान्यातून आलेली एक पद्धत आमच्याकडे वापरतात: एकापुढे एक पाच वेळा 'का' विचारायचं, म्हणजे मूळ कारण सापडतं. मी सुरू केलं. एवढं मोठं का बोलतेस? म्हणे, कणीक मळून होईस्तोवर. लिहीत का नाहीस? म्हणे, चष्मा देवघरात असतो आणि मराठी लिहायला गेलं की तो फोन भलतंच सुचवतो. मग फोन का नाही करत?

"तू उचलत नाहीस."

चौथा 'का' मी विचारला नाही.

संध्याकाळी तिनंच विषय काढला. तिचे मेसेज गाळणीतून ऐकायला कसे लागतात ते आतेबहिणीनं तिला ऐकवलं होतं. "ही बाई कोण? दम लागल्यासारखी बोलते. आणि माणसाला बोलूच देत नाही." आत्याचा राग कापाकापीवर नव्हता. चार लोकांत आपण वाचाळ ठरतो, यावर होता.

(बुधवारचा कार्यक्रम नीट पार पडला. मुलगा बरा आहे. लग्न बहुतेक ठरेल. सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्याचा जीव त्यातच अडकून राहतो.)

गुरुवारी मी ऑफिसात हे सगळं मांडलं. साहेबांनी नियमाप्रमाणे हार्वर्डचे प्राध्यापक क्लेटन ख्रिस्टेन्सन यांचा मिल्कशेक काढला. लोक सकाळी मिल्कशेक का घेतात, तर गाडी चालवताना लांबचा रस्ता कंटाळवाणा होऊ नये म्हणून. म्हणजे गिऱ्हाईक वस्तू विकत घेत नाही, एका कामासाठी तिला नोकरीवर ठेवतं. ही गोष्ट आमच्याकडे सत्यनारायणाच्या कथेसारखी सांगतात, मध्ये उठता येत नाही.

"तर तुझ्या आत्यानं आपल्या अ‍ॅपला कुठल्या कामावर ठेवलंय?"

"कणीक मळायच्या, सर."

पण ऐकण्याचा सरासरी वेळ गाळणीमुळे घटला होता, ते आकडे वर जाऊन आले होते आणि वरून शाबासकीचा अंगठाही आला होता. अंगठा आलेली गोष्ट काढून टाकायची म्हणजे किती जणांची मनं सांभाळावी लागतात, ते पाहुण्यांचे मानपान केलेल्यालाच कळेल. शेवटी तडजोड झाली. गाळणी राहिली, पण ऐकणाऱ्यानं मुद्दाम लावली तरच लागते. माइकचं बटण वाढलं. डिझायनर दोन दिवस बोलला नाही. आणि नवीन सोय म्हणून टिकली आली. ही मात्र आत्याची. महत्त्वाचं काही सांगायच्या आधी ती नेहमी "लक्षात ठेव हं" म्हणते. म्हटलं, ते म्हणताना तिनं स्क्रीनला कुठंही बोट लावलं की आवाजाच्या रेघेवर एक लाल ठिपका उमटावा आणि घाईतल्या माणसानं थेट तिथं उडी मारावी. कुठंही म्हणजे कुठंही. पिठाच्या पेरानंसुद्धा.

टिकली सुरू झाली त्या दिवशी आत्याला फोन करून समजावलं. हो, फोन केला.

दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला. १४ मिनिटं. रेघेवर ३७ टिकल्या. मेथी महत्त्वाची, मोलकरीण महत्त्वाची, कुकरच्या तिन्ही शिट्ट्या महत्त्वाच्या. शेवटच्या टिकलीवर उडी मारली तर, "काही नाही, लागते का बघत होते."

घरी जाताना बस युनिव्हर्सिटी चौकात अडकली. पुढं सरकायचं लक्षण दिसेना, म्हणून मेसेज पहिल्यापासून लावला, न गाळता, साध्या वेगानं. नळ. आयर्विन पूल. पाणी ओसरतंय. मग आत्या म्हणाली, "जेवलास का रे दुपारी?" आणि थांबली.

"नाही, राहिलंच आज," मी म्हणालो. शेजारी बसलेला माणूस जरा खिडकीकडे सरकला.

"वाटलंच मला," आत्या म्हणाली.