‘कॉपीचा इतिहास ताबडतोब बंद करा’ सांगणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

विंडोज आणि व्ही या दोन कळा एकत्र दाबल्या की तुम्ही आजवर कॉपी केलेला सगळा मजकूर उघडा पडतो, संगणक तो कायमचा साठवून मायक्रोसॉफ्टला पाठवतो, त्यापायी यंत्र मंदावते आणि मराठी अक्षरे बिघडतात, म्हणून ही सोय आजच बंद करा म्हणजे तुम्ही सुरक्षित, अशा आशयाचा एक फॉरवर्ड व्हॉट्सॲपच्या गटांमधून हिरिरीने फिरवला जातो. मी मुद्रितशोधनाचे काम करतो आणि या दोन कळांवाचून माझा दिवस जात नाही. त्यामुळे या फॉरवर्डमधला एकेक दावा तपासून पाहणे मला भाग पडले.

‘आजवर कॉपी केलेला सगळा मजकूर’ हा दावा मुळातच टिकत नाही. क्लिपबोर्ड म्हणजे कॉपी केलेली गोष्ट पेस्ट होईपर्यंत जिथे तात्पुरती राहते ती जागा, आणि तिचा इतिहास दाखवणारी ही सोय विंडोज १० मध्ये २०१८ च्या ऑक्टोबरमधील अद्ययावत आवृत्तीबरोबर आली आणि ती आपण चालू करेपर्यंत बंदच असते. पहिल्यांदा त्या कळा दाबल्या की एक छोटी चौकट उघडते आणि इतिहास चालू करायचा का, एवढेच विचारते. नोंद होते ती तिथून पुढे कॉपी केलेल्या गोष्टींची, आणि तीही फक्त २५. सव्विसावी आली की सर्वांत जुनी आपोआप बाहेर पडते. संगणक रीस्टार्ट केला की टाचणीच्या खुणेने पिन केलेल्या नोंदी सोडून बाकी सारे पुसले जाते. फोल्डरमधून कॉपी केलेल्या फाइली तर या यादीत येतच नाहीत. तिथे मजकूर आणि चित्रे एवढेच दिसते. ज्याला हे ‘कायमचे’ वाटते, त्याने कट केलेला परिच्छेद रीस्टार्टनंतर या चौकटीत शोधून पाहावा. मी एकदा शोधला आहे, आणि तो परिच्छेद मला पुन्हा पहिल्यापासून सुधारावा लागला.

मायक्रोसॉफ्टकडे मजकूर जातो, या दाव्यात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. सेटिंग्ज, सिस्टीम, क्लिपबोर्ड असे गेल्यावर इतिहासाचे बटण वेगळे दिसते आणि निरनिराळ्या उपकरणांमध्ये क्लिपबोर्ड सारखा ठेवण्याचे वेगळे. दुसरे बटण आपण मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून स्वतः चालू केले, तरच कॉपी केलेला मजकूर त्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत दुसऱ्या उपकरणावर जातो. त्यातही सगळे आपोआप पाठवायचे की निवडलेलेच, हे ठरवता येते. मला दुसरा संगणक नाही, म्हणून माझ्याकडे पहिले बटण चालू आहे आणि दुसरे बंद.

यंत्र मंदावण्याच्या बाबतीत साधा हिशेब पुरेसा आहे. एका नोंदीला ४ एमबीची मर्यादा आहे, म्हणजे पंचवीसही नोंदी काठोकाठ भरल्या तरी १०० एमबी होतात, आणि आठ जीबी मेमरीच्या संगणकात हे सव्वा टक्क्याच्या आसपास जाते. प्रत्यक्षात साध्या मजकुराचे एक अक्षरचिन्ह दोन बाइट घेते, म्हणजे दोन हजार चिन्हांचे पान चार केबीत मावते. ब्राउझरच्या उघड्या राहिलेल्या चाळीस टॅबांकडे दुर्लक्ष करून या चार केबींना दोष देणे मला तरी पटत नाही.

मराठी अक्षरे बिघडण्याचा दावा करणाऱ्याने काहीतरी खरेच पाहिले असणार, पण कारण चुकीचे लावले. युनिकोड, म्हणजे सर्व लिपींच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी जागतिक पद्धत, रुळण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली जुनी फाइल उघडली की पडद्यावर मराठी दिसते, पण आत साठवलेली असतात ती रोमन अक्षरे आणि चिन्हे. मराठीचा मुखवटा तो फॉन्ट चढवतो. असा मजकूर नोटपॅडमध्ये नुसत्या कंट्रोल आणि व्हीने पेस्ट केला तरी मुखवटा गळून पडतो आणि कचरा दिसतो. इतिहास चालू असो वा बंद, फरक पडत नाही. उपाय एकच, मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणणे. युनिकोड मजकूर या चौकटीतून जसाच्या तसा बाहेर येतो. ‘ॲ’ आणि ‘ऱ्या’ काही कळफलकांवर सहज उमटत नाहीत, म्हणून मी ते दोन्ही पिन करून ठेवले आहेत. ‘दुसर्या’चा ‘दुसऱ्या’ करताना विंडोज आणि व्ही, खालचा बाण, एंटर, एवढ्यात काम होते.

राहिले ते ‘बंद केले म्हणजे सुरक्षित’ हे आश्वासन. ते मला या फॉरवर्डमधले सर्वांत घातक वाक्य वाटते, कारण धोका इतिहासाआधीही होता. आपल्या खात्यात चालू असलेला जवळजवळ कोणताही प्रोग्रॅम विंडोजच्या क्लिपबोर्डवरची शेवटची गोष्ट वाचू शकतो, आणि इतिहास बंद केल्याने त्याला आडकाठी होत नाही. बिटकॉइनसारख्या आभासी चलनाचा कॉपी केलेला पत्ता गुपचूप बदलून चोराचा पत्ता ठेवणारे घातक प्रोग्रॅम तर इतिहासाकडे पाहतही नाहीत. झेरॉक्सच्या दुकानातील संगणकावर तुम्ही आधार क्रमांक कॉपी करून उठलात, की पुढच्या गिऱ्हाइकाला तो कंट्रोल आणि व्ही दाबूनही मिळतो. इतिहास चालू असेल तर त्याला एकाऐवजी पंचवीस गोष्टी मिळू शकतात, एवढे मात्र फॉरवर्डचे म्हणणे मला मान्य आहे. परक्या यंत्रावर ही सोय बंदच हवी, आणि चालू आढळली तर उठण्यापूर्वी ‘क्लिअर ऑल’ दाबावे. मात्र पिन केलेल्या नोंदी त्यानेही जात नाहीत, त्या एकेक काढाव्या लागतात.

पासवर्डची बाब निराळी आहे. नीट बनवलेले पासवर्ड मॅनेजर कॉपी करताना ‘हे इतिहासात घेऊ नका’ अशी खूण मजकुराला जोडतात आणि विंडोज ती पाळते. नोटपॅडमध्ये किंवा स्वतःलाच पाठवलेल्या व्हॉट्सॲप मेसेजमध्ये ठेवलेला पासवर्ड मात्र कॉपी करताच सरळ यादीत येतो. अशा वेळी नोंदीच्या कोपऱ्यातील तीन ठिपक्यांवर क्लिक करून तेवढी एकच नोंद काढता येते, त्यासाठी उरलेल्या चोवीस गमावण्याचे काही कारण नाही.