‘कॉन्स्टंट’ म्हणजे नुसते ‘न बदलणारे’ नव्हे

चिनी भाषकांना इंग्रजी शिकवताना एक सल्ला दिला जातो: ‘कॉन्स्टंट’ या विशेषणाला ‘पुप्येन’, म्हणजे ‘न बदलणारे’, हा एकच प्रतिशब्द द्यावा, ‘अचल’ आणि ‘वारंवार’ हे दोन अर्थ एका शब्दात नांदणे चिनी विद्यार्थ्याला परके असल्याने दुसरा अर्थ सांगूच नये, ‘पर्मनंट’ व ‘फिक्स्ड’ यांचेही त्यावरच भागवावे.

पहिला भाग वाक्यात घालून पाहिला की कोसळतो. ‘कॉन्स्टंट टेम्परेचर’ला ‘पुप्येन’ चालून जाईल, जरी चिनी माणूस स्वतः ‘हंगवन’ (‘हंग’ म्हणजे स्थिर, शाश्वत) म्हणेल. ‘कॉन्स्टंट इंटरप्शन्स’चे मात्र ‘न बदलणारे व्यत्यय’ होतात, आणि अभिप्रेत असतात पाठोपाठ येणारे व्यत्यय, ज्यांना चिनीत ‘पुत्वान’, शब्दशः ‘न तुटणारे’, हे विशेषण लागते. ‘कॉन्स्टंट चेंज’ तर ‘न बदलणारा बदल’ ठरतो! विद्यार्थ्याला पुढच्या नामाकडे पाहायला शिकवावे: वेग, दाब, तापमान अशी मोजण्याची राशी असेल तर तिचे मूल्य स्थिर असते, तक्रारी, प्रश्न, फोन अशा घटना असतील तर त्या थांबत नाहीत. वेदनेसारखी नामे मधोमध पडतात. तिथे संदर्भच पाहावा लागतो.

दुसरा भाग मला सर्वांत खटकतो, कारण तो चिनी भाषेकडेच न पाहता केलेला आहे. ‘छांगशू’ म्हणजे गणितातला स्थिरांक, ‘छांगल्यू’ म्हणजे सदाहरित. पण तेच ‘छांग’ ‘छांगखअ’मध्ये वारंवार येणारे गिऱ्हाईक होते आणि ‘छांगछांग’मध्ये ‘पुष्कळदा’. चीनमधील मावांगत्वी येथील, हान राजवटीच्या काळातील थडग्यात 1973 साली मिळालेल्या रेशमी हस्तलिखितांत ‘ताओ ते चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथाच्या पहिल्या ओळीत, प्रचलित पाठात जिथे ‘छांग’ आहे तिथे, ‘हंग’ आहे. हान सम्राट वन याचे नाव ल्यू हंग असल्याने, आणि सम्राटाच्या नावातले अक्षर लिहिणे निषिद्ध असल्याने, पुढे ते टाळून ‘छांग’ घातले गेले, असे अभ्यासक मानतात. शाश्वत ‘हंग’च्या जागी बसू शकणारे अक्षर रोजच्या बोलण्यात ‘पुष्कळदा’ही होते, तर परके काय राहिले? (आपणही ‘आत्मा नित्य आहे’ आणि ‘तो नित्य देवळात जातो’ म्हणतोच.)

तिसऱ्या भागाला फार शब्द नकोत. ‘पर्मनंट ॲड्रेस’ घर बदलले की बदलतो; तो फक्त तात्पुरता नसतो, म्हणून तिथे ‘युंगच्यू’, म्हणजे ‘कायमचा’, हवे. ‘फिक्स्ड प्राइस’ म्हणजे घासाघीस नाही, एवढेच. उद्या दुकानदाराने आकडा वाढवला, तरी पाटी तीच राहते.