‘दर दहा वर्षांनी नोटा बदला’ असं बाबासाहेबांनी लिहिलेलं नाही

नोटाबंदीच्या दिवसांत एक मजकूर घरोघरी पोचला आणि आजही एप्रिल-डिसेंबर आला की फिरू लागतो. त्यात दोन दावे असतात. एक, चलन दर दहा वर्षांनी रद्द करावं असं डॉ. आंबेडकरांनी रुपयावरच्या ग्रंथात लिहिलं. दोन, रिझर्व्ह बँक त्यांनीच स्थापन केली. पाठवणाऱ्यांचं बाबासाहेबांवरचं प्रेम खरं आहे. माझंही आहे, म्हणून हे लिहितो.

आधी दहा वर्षांचं. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. काळा पैसा हा त्याचा विषयच नाही. विषय आहे रुपयाची किंमत. लोक चांदी नेऊन टांकसाळीत रुपये पाडून घेत; १८९३ मध्ये सरकारनं ते बंद केलं, स्वतःला मात्र टांकसाळी उघड्या ठेवल्या. पुढे रुपयाचा भाव ब्रिटिश चलनात १ शिलिंग ४ पेन्सवर बांधला गेला आणि रुपये किती पाडायचे हे सरकारच्या मर्जीवर राहिलं. केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञानं १९१३ च्या पुस्तकात या सुवर्ण विनिमय पद्धतीची पाठराखण केली होती. बाबासाहेब थेट त्याच मांडणीला भिडले. पौंडाच्या तुलनेत रुपया स्थिर दिसला तरी बाजारात त्याला धान्य-कापड किती मिळतं, ही त्यांची कसोटी. उपायही स्पष्ट: टांकसाळी सरकारलाही बंद करा, सोन्याचं नाणं पाडा आणि रुपयांच्या संख्येला कायमची मर्यादा घाला. त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांना यातलं सगळं पटलं नव्हतं, तरी प्रस्तावना त्यांनीच लिहिली.

जो माणूस सरकारच्या हातून रुपये पाडण्याची मोकळीक काढून घ्यायला निघाला होता, तो त्याच सरकारला दर दहा वर्षांनी लोकांच्या गाठीचं चलन रद्द करायचा अधिकार कसा देईल? तसं वाक्य ग्रंथात नाही, आणि त्याच्या युक्तिवादात ते बसतही नाही.

रिझर्व्ह बँकेचं थोडक्यात सांगता येईल. बाबासाहेबांनी डिसेंबर १९२५ मध्ये भारताच्या चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली, हे खरं. आयोगानं जुनी सुवर्ण विनिमय पद्धत नाकारली, पण बाबासाहेबांना हवं असलेलं सोन्याचं नाणंही स्वीकारलं नाही. मध्यवर्ती बँकेची शिफारस आयोगानं केली. तशा बँकेचा एक आराखडा तर केन्सनंच पहिल्या महायुद्धाआधी मांडला होता. १९२७ चं विधेयक बारगळलं, कायदा १९३४ मध्ये झाला आणि १ एप्रिल १९३५ ला बँक सुरू झाली. इतक्या हातांतून गेलेल्या संस्थेला एकच संस्थापक नेमणं चूक आहे.

या मजकुरात जे कधीच येत नाही, ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. रुपया स्वस्त झाला की निर्यात वाढते, देशाचा फायदा होतो, असं तेव्हा सर्रास म्हटलं जाई. मुंबईचे उद्योगपती रुपयाला १ शिलिंग ६ पेन्सऐवजी १ शिलिंग ४ पेन्सचा, म्हणजे स्वस्त, दर मागत होते, तेही याच आधारावर. बाबासाहेबांनी ग्रंथात विचारलं, हा फायदा येतो कुठून? भाव चढतात, मजुरी मागे राहते, आणि मधला फरक व्यापाऱ्याच्या पदरात पडतो. म्हणजे निर्यातदाराचा नफा हा मजुराच्या ताटातून उचललेला असतो.