ही छापचित्रं म्हणजे सान लोकांचे फोटो नव्हेत

दक्षिण आफ्रिकेतल्या सान (म्हणजे ‘बुशमन’ म्हटल्या गेलेल्या, शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या) लोकांची जुनी युरोपीय छापचित्रं एका मजकुरासकट फिरत असतात: ‘कॅमेरा नव्हता तेव्हाचे हे फोटोच. चित्रकाराने पाहिलं तसं काढलं. अश्मयुगापासून तसूभरही न बदललेली माणसं!’ यातलं एकही विधान टिकत नाही.

आधी ‘पाहिलं तसं काढलं’ हे घेऊ. तांब्याच्या पत्र्यावर कोरणारा कारागीर बहुतेक वेळा युरोपातल्या आपल्या कारखान्यात बसलेला असे. समोर दुसऱ्याचं रेखाटन, कधी नुसतं वर्णन, कधी आधीच छापलेलं चित्र. पत्र्यावरचं कागदावर उलटं उमटतं, म्हणून चित्र न उलटवता कोरलं की उजव्या हातातलं धनुष्य डाव्या हातात जातं. त्या छापावरून पुन्हा कोणी पत्रा कोरला की ते परत उजव्या हातात येतं. इंग्रज प्रवासी थॉमस हर्बर्टच्या १६३४च्या प्रवासवर्णनातली केपची, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाची, बाई पाहा. हातात जनावराची आतडी, पाठीवर मूल, आणि स्तन खांद्यावरून मागे टाकून ती त्याला पाजते आहे. अशी बाई पुढे कितीतरी पुस्तकांत दिसते. ही नकलांची परंपरा आहे, तिला निरीक्षण म्हणता येणार नाही.

शिवाय ही बाई सान नाहीच. हर्बर्टची, १५०८च्या जर्मन चित्रकार बुर्कमायरची किंवा १७१९च्या पीटर कोल्बच्या पुस्तकातली चित्रं मुख्यतः खोईखोईंची, म्हणजे गुरं राखणाऱ्या किनाऱ्यालगतच्या लोकांची आहेत. त्यांच्या चित्राखाली ‘सान’ लिहिणं म्हणजे दोघांवरही अन्याय.

म्हणून सगळीच चित्रं खोटी ठरवायची का? मुळीच नाही. इंग्रज चित्रकार सॅम्युएल डॅनियल १८०१मध्ये केपहून उत्तरेकडे गेलेल्या मोहिमेत स्वतः होता. टोळ भाजणाऱ्या सान लोकांचं त्याचं चित्र प्रसिद्ध आहे. पण त्याची बरीच रेखाटनं १८२०मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी, भाऊ विल्यमने कोरून छापली. (वेरूळची गाजलेली छापचित्रंही याच घराण्यातली: रेखाटनं जेम्स वेल्सची आणि १८०३ची छपाई काका थॉमस डॅनियलच्या देखरेखीखाली, वेल्स गेल्यानंतर.) इंग्रज प्रवासी विल्यम बर्चेलने तर ‘गोरा’ नावाचं वाद्य वाजवणारा सान माणूस स्वतः पाहून काढला. धनुष्यासारख्या या वाद्याच्या तारेला पिसाची चपटी नळी जोडलेली असते आणि ती ओठांशी धरून फुंकायची असते. असं चित्र मोलाचं आहेच. मात्र कोणी काढलं, कोणी कोरलं आणि कधी, हे कळल्याशिवाय त्याचं मोल ठरवता येत नाही.

सगळ्यांत घातक आहे ते ‘न बदललेली माणसं’ हे विधान. सान लोक शेजाऱ्यांकडून लोखंड घेत. ड्रॅकेन्सबर्ग डोंगररांगेतल्या कातळांवर त्यांनीच घोडे आणि बंदूकधारी स्वार रंगवले आहेत. १७७४मध्ये केपच्या डच वसाहतीच्या सशस्त्र तुकड्यांनी त्यांच्यावर मोहीम काढली. तिच्या नोंदीत ५०३ ठार आणि २४१ कैद असा हिशेब आहे. डॅनियल आणि बर्चेल यांच्यासमोर आलेली माणसं या कत्तलींतून वाचलेल्यांपैकी होती. त्यांना काळ थांबलेली म्हणणं म्हणजे तो रक्तपात पुसून टाकणं.

आणि १८७१मध्ये केपटाउनच्या तुरुंगातून भाषाभ्यासक विल्हेल्म ब्लीकच्या घरी आलेला काब्बो तरी अश्मयुगातला होता का? तो सान कथाकार आपल्या मुलखात परतण्यासाठी तळमळत होता, तरी कबूल झालेली बंदूक हाती पडावी म्हणून थांबून राहिला. म्हाताऱ्या माणसाला बंदूकच सांभाळते, असं त्याने सांगितलं, आणि ते ब्लीक आणि त्याची सहकारी ल्युसी लॉइड यांच्या वह्यांमधून आपल्यापर्यंत आलं आहे.