विहिरीत पडलेलं जनावर आणि ‘पोरगा उतरवा’ सांगणारा मेसेज

एक मेसेज सध्या गावोगावच्या ग्रुपवर फिरतोय. माझ्या मावसभावाच्या मुलानं तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘काका, सेव्ह करून ठेवलाय, कामाला येईल.’ त्याच्या मळ्यातल्या विहिरीला कठडा नाही, आणि गोठ्यात दोन म्हशी आहेत. हा पोरगा उद्या खरंच त्या मेसेजप्रमाणे वागेल, म्हणून हे लिहितोय. मी पशुवैद्यक आहे.

मेसेजचं म्हणणं असं: जनावर विहिरीत किंवा खड्ड्यात पडलं तर सरकारी माणसांची वाट बघू नका. जनावर श्वास घेतंय म्हणजे आतली हवा चांगली आहे, तेव्हा पोहणारा पोरगा लगेच उतरवा. शिंगांना आणि गळ्याला सोल (जाड दोर) बांधून जेसीबीनं ओढा. जनावर धडपडत असेल तर डॉक्टरला वरूनच भुलीचं इंजेक्शन द्यायला सांगा. बाहेर आल्यावर गोडंतेल पाजा आणि मारून का होईना, लगेच उभं करा. शेवटी, बचावाचं प्रशिक्षण वगैरे शहरी लाड आहेत, आपल्या आज्या-पणज्यांना कुणी शिकवलं होतं?

हवेचं आधी बोलतो, कारण बाकीच्या चुकांनी जनावर मरतं, या चुकीनं माणसं मरतात.

एप्रिल 2024, गुढीपाडव्याचा दिवस. नेवासा तालुक्यातलं वाकडी गाव, तेव्हाचा अहमदनगर आणि आताचा अहिल्यानगर जिल्हा. जुन्या विहिरीत बायोगॅसची मळी, म्हणजे शेणाचा पातळ रबडा, साठवलेली होती. तिच्यात मांजर पडलं. ते काढायला एक जण उतरला, तो वर येईना म्हणून दुसरा, त्याच्यामागे तिसरा. असे सहा जण उतरले. पाच मेले. वाचला तो एकच, कारण त्याच्या कमरेला दोर होता आणि वरच्यांनी त्याला ओढून घेतलं. पेपरात सगळ्यांनी वाचलं होतं हे. दोन वर्षं झाली नाहीत तोवर ‘पोरगा उतरवा’ म्हणणारा मेसेज हजारो लोक पुढे ढकलू लागले, याचा मला संताप येतो.

शेणाची मळी कुजताना तिच्यात हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साठून राहतो. मळी शांत असते तोवर तो बराचसा आतच असतो. कुणी आत पडलं, पाय झाडले, मळी ढवळली की तो एकदम वर येतो. म्हणजे वरून बघताना जनावर श्वास घेत होतं, यावरून तुम्ही उतराल त्या क्षणाची हवा कळत नाही. सडक्या अंड्यासारखा वास येईल तेव्हा बघू, असंही कुणी म्हणेल. प्रमाण वाढलं की हा वायू आधी वास घ्यायची शक्तीच मारतो, आणि त्याहून वाढला तर माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो. पडक्या, वापर नसलेल्या विहिरीत कार्बन डायऑक्साइड तळाशी बसतो, त्याला तर वासच नाही.

जुनी माणसं कंदील सोडून बघायची, हेही मेसेजमध्ये आहे. हे अर्धं खरं आहे. ज्योत विझली तर प्राणवायू कमी आहे, इतकं नक्की कळतं. पण ज्योत तेवत राहिली म्हणून विषारी वायू नाही असं होत नाही, आणि मळीच्या खड्ड्यात मिथेन असतो, तिथं कंदील सोडणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण. वायू मोजायचं यंत्र आणि पाठीवर हवेची टाकी असल्याशिवाय असल्या जागेत कुणीही उतरू नये. मालकानं नाही, पोहणाऱ्यानं नाही, मीसुद्धा नाही.

आता गळ्याचा दोर. चांगली मुऱ्हा म्हैस पाचशे किलोच्या आसपास भरते. एवढं वजन शिंगांवर आणि मानेवर टांगलं तर शिंग मुळातून निघतं, नाहीतर श्वासनळी दाबून जनावर अर्ध्या वाटेतच जातं. शेपटीला धरून ओढलं तर तिच्या बुडाचे मणके आणि नसा जातात. वजन घ्यायचं ते धडावर: एक रुंद पट्टा पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीखाली, दुसरा कासेच्या पुढून पोटाखाली, आणि दोन्ही एकमेकांना जोडलेले, म्हणजे घसरत नाहीत. उचलायला हायड्रा, म्हणजे चाकांवरची क्रेन, हवा. जेसीबीच्या बकेटला दोर अडकवून उचललं की भार झोके खातो, आणि यंत्र काठाशी आणलं तर काठच ढासळतो. जेसीबीचा खरा उपयोग उथळ खड्ड्याला एका बाजूनं उतार खणायला होतो, जनावर स्वतःच्या पायांनी वर येतं. हे मेसेज लिहिणाऱ्याला सुचलं नाही.

वरूनच भूल देण्याबद्दल एवढंच सांगतो. आम्ही जे झायलाझिन वापरतो, ते गाईला घोड्याच्या साधारण दहाव्या भागाइतकं पुरतं. पाण्यात उभ्या जनावराला ते दिलं की मान खाली जाते आणि नाक बुडतं. शिवाय गाईच्या पोटात शंभर लिटरहून मोठी कोठी असते. जनावर कुशीवर किंवा पाठीवर पडून राहिलं की त्यातला वायू ढेकरीनं बाहेर पडत नाही, पोट फुगतं, फुप्फुसं दाबली जातात. भूल कधी द्यायची आणि द्यायचीच का, हे दोर कसा लागलाय ते बघून ठरवावं लागतं.

तेल पाजू नका. दमलेलं जनावर नीट गिळत नाही, तेल फुप्फुसात जातं आणि पुढच्या काही दिवसांत ते न्यूमोनियानं दगावतं. मारून उठवू नका. छातीवर बसतं करा, दोन्ही बाजूंना पेंढ्यांचा आधार द्या, थोड्या थोड्या वेळानं कूस बदला.

मेसेजमधली एक गोष्ट मला नाइलाजानं मान्य करावी लागते. मदत उशिरा येते. गाडी तालुक्याहून निघते, आणि आली तरी अग्निशमनच्या जवानाला जनावराची लाथ कुठून कशी येते ते माहीत नसतं आणि डॉक्टरला दोर आणि कप्पी कळत नाही. आम्हाला शिकताना बैल दोरानं कसा पाडायचा ते शिकवलं. पाच परस खोल विहिरीतून तो वर कसा आणायचा, हे कुणी शिकवलं नाही. पण यावरून ‘प्रशिक्षण नको’ हा निष्कर्ष कसा निघतो? इंग्लंडमध्ये हॅम्पशायरच्या अग्निशमन दलानं जनावरांच्या बचावाचं वेगळं पथक उभारलं, तिथं जवान आणि पशुवैद्यक घोड्याच्या वजनदार पुतळ्यांवर एकत्र सराव करतात. तेही लांबचं वाटत असेल तर आपल्या जुन्नरकडे बघा. बिबट्या विहिरीत पडला की वनखात्याची माणसं आधी त्याला टेकायला खाट किंवा फळी सोडतात, मग पिंजरा. आत कुणी उडी मारत नाही. बिबट्यासाठी जी शिस्त आपल्याच लोकांना जमते, ती म्हशीसाठी का जमू नये?

पुराबद्दल मेसेजच्या शेवटी एक ओळ आहे, ‘जनावरं घट्ट बांधा, वाहून जाणार नाहीत.’ राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची सूचना नेमकी उलटी आहे: पाणी चढायला लागलं की दावी सोडा.

माझ्या पुतण्याला मी सांगितलं ते असं. आधी 101 किंवा 112, आणि लगेच 1962, तो फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर आहे. फोनवर जनावराचं अंदाजे वजन, विहिरीची खोली, पाणी आहे की मळी, आणि हायड्रा काठापर्यंत येईल का, एवढं सांग. तोवर लोकांना काठापासून लांब ठेव, हवा भरलेली ट्रॅक्टरची ट्यूब वरून सोड, मोरकीला, म्हणजे जनावराच्या तोंडाभोवतीच्या दोरीला, दोर अडकवता आला तर नाक पाण्यावर राहील इतकाच ताण दे. ग्रामपंचायतीनं दोन रुंद पट्टे घेऊन ठेवावेत, असा अर्ज तो या आठवड्यात देणार आहे. तालुक्याच्या अग्निशमन केंद्रानं आणि आम्हा पशुवैद्यकांनी वर्षातून एकदा तरी एकत्र सराव करावा, हा अर्ज मी देतोय.