‘अ‍ॅपवर ऊन दिसलं की निघा’ : हा सल्ला माथ्यावर चालत नाही

मोबाइलवर सध्या एक सल्ला जोरात फिरतोय. गर्दी नसलेलं शिखर निवडा, सकाळी अ‍ॅपवर ऊन दिसलं की निघा, एक जाड जॅकेट आणि चार्ज केलेला फोन पुरे, वीज कडाडली तर झाडाखाली थांबा. यातलं गर्दी टाळण्याचं तेवढं पटतं. बाकीचं धोक्याचं आहे.

आधी अ‍ॅप. आपण पायथ्याच्या गावाचं नाव टाकतो, त्यामुळे अंदाजही तिथलाच येतो. डोंगराचं नाव टाकलं तरी अंदाजाची गणितं जमिनीचे काही किलोमीटरचे चौकोन पाडून त्यांची सरासरी उंची धरतात. सुळक्यासारखा माथा त्यात सपाट होऊन जातो. म्हणून उंचीचा हिशेब आपणच करायचा. दर १००० मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. पायथ्याशी १४ अंश असतील तर १४०० मीटर वर जेमतेम ५. त्यात ताशी ४० किलोमीटरचा वारा असला, की उघड्या त्वचेला ती थंडी उणे १ इतकी लागते. पावसाच्या टक्क्यांपेक्षा माथ्याच्या उंचीवरचा वारा, ढगांचा तळ आणि गडगडाट कोणत्या तासापासून अपेक्षित आहे, हे आधी बघा.

वर गेल्यावरही अंदाज घेता येतो. घड्याळात हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक असेल तर मुक्कामाला पोचल्यावर आकडा लिहून ठेवा. जागचे हलला नाहीत आणि सकाळी तो ४० मीटरने वाढलेला दिसला, तर हवेचा दाब ४-५ हेक्टोपास्कलने उतरलाय. हवा बिघडतेय, बेत आवरता घ्या.

आता ते जाड जॅकेट. चढताना त्यात घाम साचतो, आणि माथ्यावर थांबलात की तोच ओलावा अंगातली ऊब ओढून घेतो. पाणी हवेच्या साधारण २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. त्यामुळे सुती बनियन आणि जीन्स घरीच ठेवा. अंगाला घाम लवकर वाळणारा सिंथेटिक किंवा लोकरी थर, त्यावर पातळ फ्लीस (मऊ, उबदार कापडाचा थर), आणि वारा-पाऊस अडवणारं, टोपी असलेलं बाहेरचं जॅकेट. निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे. वाजत नसेल तर कपडे जास्त झालेत. बाहेरचं जॅकेट सॅकमध्ये सगळ्यात वर ठेवा आणि डोंगराच्या धारेवर पोचण्याआधी, आडोशाला असतानाच चढवा. वाऱ्यात बधिर बोटांनी चेन लागत नाही. सॅकचं कव्हर वाऱ्याने उडतं, पाठीकडूनही पाणी आत शिरतं; म्हणून कोरडा जोड आत जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा.

झाडाखाली थांबण्याचा सल्ला तर जिवावर बेतणारा. एकटं झाड, धार, माथा आणि उथळ कपारीचं तोंड, चारही टाळा. वीज चमकल्यापासून आवाज यायला ३० सेकंदांपेक्षा कमी लागले, तर ती १० किलोमीटरच्या आत आहे. तेव्हाच खाली उतरायला लागा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं पुन्हा वर चढू नका. गटात असाल तर अंतर ठेवून चाला, म्हणजे एकाच वेळी सगळे विजेच्या तडाख्यात सापडणार नाहीत.

फोनवर भिस्त ठेवू नका. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते आणि दरीत रेंज नसते. तो आतल्या खिशात ठेवा. सोबत कागदी नकाशा, हेडटॉर्च आणि शिट्टी घ्या. मदतीसाठी मिनिटात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर विश्रांती, पुन्हा सहा.

निवांत शिखरावर वाट पुसट असते, मागून येणारं कुणी नसतं. तेव्हा वेळ मोजूनच निघा : ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक. १० किलोमीटर आणि ९०० मीटर म्हणजे साडेतीन तास, विश्रांती सोडून. ओल्या खडकावर त्याहून जास्त. परत फिरायची वेळ आधीच ठरवा. ती वेळ, वाट आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर बचावपथकाला कळवायचं, हे खाली राहणाऱ्या एकाला लिहून द्या.