अमेली मॉरेस्मोवरील तीन आरोप

फ्रान्सची माजी टेनिस विजेती अमेली मॉरेस्मो हिच्याविषयीचा एक संदेश व्हॉट्सअॅपवर फिरत फिरत माझ्या भाचीच्या टेनिस वर्गातील पालकांच्या गटात येऊन पोहोचला. त्या वर्गाच्या प्रशिक्षक एक बाई असल्याने त्यावर जी चर्चा सुरू झाली, ती वाचून हे लिहिणे भाग पडले. संदेशात म्हटले आहे की, मॉरेस्मो समलिंगी असल्याने तिच्या अंगी पुरुषी ताकद होती, तिची विजेतेपदे प्रतिस्पर्धींच्या दुखण्यांमुळे मिळाली आणि ब्रिटिश टेनिसपटू अँडी मरेने तिला केवळ प्रसिद्धीसाठी प्रशिक्षक नेमले.

यातला पहिला मुद्दा सर्वांत हिणकस आहे. 1999 च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये 19 वर्षांच्या, बिगरमानांकित मॉरेस्मोने अग्रमानांकित लिंडसे डेव्हनपोर्टला उपांत्य फेरीत हरवले आणि त्याच स्पर्धेत आपण समलिंगी असल्याचे उघडपणे सांगितले. पुरुषाशी खेळल्यासारखे वाटले, असे डेव्हनपोर्ट म्हणाली, तर मार्टिना हिंगिसने मॉरेस्मोला 'अर्धा पुरुष' ठरवले. संदेशकर्त्याने हे उद्गार पुरावा म्हणून दिले आहेत. मात्र अंतिम सामन्यात त्याच हिंगिसने या तथाकथित अर्ध्या पुरुषाला 6-2, 6-3 असे सरळ हरवले, हे तो सांगत नाही. डेव्हनपोर्ट तर मॉरेस्मोपेक्षा पाच इंचांनी उंच होती, पण तिच्या बाईपणाची चौकशी कोणी केली नाही. कोणावर प्रेम करावे याचा दंडाच्या स्नायूंशी काय संबंध असतो, हे संदेशकर्त्यानेच एकदा समजावून सांगावे.

दुसऱ्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. 2006 च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये उपांत्य फेरीत किम क्लाइस्टर्सने आणि अंतिम सामन्यात पोट दुखत असल्याने जस्टिन हेनिनने सामना अर्धवट सोडला. अर्थात, तेव्हा हेनिन 1-6, 0-2 अशी मागे होती. त्याच वर्षी विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात याच हेनिनला मॉरेस्मोने पहिला सेट गमावूनही तीन सेटमध्ये हरवले. 2004 मध्येच ती जागतिक क्रमवारीत पहिली झाली होती, ती काय कोणाच्या पोटदुखीमुळे?

राहिला मरे. मॉरेस्मो प्रशिक्षक असताना, म्हणजे जून 2014 ते मे 2016 या काळात, त्याने एकही ग्रँड स्लॅम (टेनिसच्या चार मोठ्या स्पर्धांपैकी एक) जिंकले नाही, हे खरे. पण क्ले कोर्टवर, म्हणजे मातीच्या मैदानावर, तोवर एकही विजेतेपद नसलेल्या मरेने 2015 मध्ये म्युनिक जिंकले आणि पाठोपाठ माद्रिदच्या अंतिम सामन्यात थेट क्लेचा बादशहा मानल्या जाणाऱ्या नदालला हरवले. मॉरेस्मोच्या पात्रतेवर सतत शंका घेतली जाते, असे मरेने स्वतः 2015 मध्ये 'लेकिप' या फ्रेंच दैनिकात लिहिले होते. फ्रेंच टेनिसपटू ल्युका पुईने तर ऑस्ट्रेलियन ओपनच्या मुख्य फेरीत कधी एक सामनाही जिंकला नव्हता. मॉरेस्मो प्रशिक्षक म्हणून आली आणि 2019 मध्ये तो थेट उपांत्य फेरीत पोहोचला.